प्रयोगाभोवतीचा समाज

महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले. कमिटीने ते नाकारले. छापील रूपाने ते वाचकांसमोर आले १९७९ मध्ये, ‘पुरोगामी सत्यशोधक’ या नियतकालिकातून. मधल्या १२४ वर्षांत संगीत नाटकाचा उदय झाला, त्याचे वैभव आले आणि ओसरले, बोलपटाने नाटक मंडळ्यांना अवकळा आणली, मराठी रंगभूमीची शताब्दीही १९४३ मध्ये सांगलीस थाटाने साजरी झाली. या सर्व धामधुमीत जोतीरावांचे नाटक कोणाच्या गणतीत नव्हते. त्याच्या नाट्यगुणांविषयी मतभेद संभवतात; पण ज्या शेतकरी स्त्री-पुरुषांसाठी ते लिहिले गेले त्यांचे मत कोणी विचारले नाही, आणि ते विचारण्याची सोयही तेव्हा नव्हती. बक्षीस देणारी कमिटी, छापखाना आणि नाटकगृह ही तिन्ही दारे दुसऱ्याच्या हाती असली म्हणजे संहितेचे काय होते याचा हा नमुना आहे.

उपेक्षित समाजाच्या रंगभूमीची चर्चा आपल्याकडे बहुधा नाटककार आणि संहिता यांच्याभोवतीच फिरते. कोणी काय लिहिले, त्याची भाषा किती जळजळीत आहे, प्रस्थापितांनी त्याची दखल घेतली की नाही, एवढ्यावर ती संपते. प्रयोगाच्या आधी आणि नंतर, रंगमंचाच्या खाली आणि नाटकगृहाच्या बाहेर जो समाज जमावा लागतो त्याची व्यवस्था कोणी करावयाची, हा प्रश्न दुय्यम मानला जातो. वस्तुतः तोच मुख्य आहे.

महाराष्ट्राला या प्रश्नाचे उत्तर एकेकाळी चांगले ठाऊक होते. सत्यशोधक चळवळीने आणि तिच्यामागून आंबेडकरी चळवळीने उभारलेला जलसा हे ते उत्तर. भीमराव कर्डक यांच्यासारख्या जलसाकारांनी १९३० नंतरच्या काळात तमाशाचा बांधा तेवढा घेतला आणि त्यातला ऐवज बदलला. गणातून देवस्तुती गेली, गवळणीतला शृंगार गेला. बतावणीत सावकार, भटजी आणि गावकामगार आले. वगात राजाराणीच्या जागी पाण्याचा, मंदिराचा आणि मृत जनावराच्या मांसाचा प्रश्न आला. ढोलकी आणि तुणतुणे वाजविणारे हात पिढ्यान्पिढ्या तयार होतेच. आजवर ते दुसऱ्यांच्या करमणुकीसाठी वाजत होते, एवढाच फरक. कर्डकांनी पुढे १९७८ मध्ये ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक लिहून हा इतिहास नोंदवून ठेवला. तो नोंदवण्याचे काम विद्यापीठातील पंडिताऐवजी एका जलसाकाराला करावे लागले, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

जलशाचे अर्थशास्त्र मोठे शहाणपणाचे होते. त्याला तिकीट नसे. प्रेक्षक नाटकाकडे जात नसत, नाटकच वस्तीत येई. तेही शेतातले काम उरकल्यावर, जेवणे झाल्यावर. सभा आणि जलसा यांची सांगड असे, त्यामुळे भाषण ऐकण्यास आलेला माणूस वग पाही आणि वग पाहण्यास आलेला माणूस भाषण ऐके. खेळ संपल्यावर बोलणे सुरू होई. म्हणजे ज्याला आज ‘पूरक कार्यक्रम’ म्हणतात तो प्रयोगाला चिकटविलेला नसून प्रयोगाचा अर्धा देह होता. म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक १९५५ मध्ये औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसमोर झाले, आणि पुढच्याच वर्षी नागपुरास धम्मदीक्षेच्या निमित्ताने जमलेल्या अफाट जनसमुदायासमोर झाले. कोणत्याही नाट्यसंस्थेला एवढे प्रेक्षक जमविता आले नसते. ते आधीच जमलेले होते, आणि कशासाठी जमलो आहोत हे त्यांना ठाऊक होते.

असाच अनुभव सातासमुद्रांपलीकडे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनीही घेतला. १९३० नंतरच्या महामंदीत रूझवेल्ट सरकारने बेकारांना कामे देण्यासाठी ज्या योजना काढल्या त्यांत नट, नेपथ्यकार आणि वादक यांचाही समावेश होता. १९३५ मध्ये सुरू झालेल्या या सरकारी नाट्ययोजनेत कृष्णवर्णीय कलावंतांची स्वतंत्र पथके होती. एप्रिल १९३६ मध्ये न्यूयॉर्कमधील हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, लाफायेट नाटकगृहात, अशा एका पथकाने शेक्सपिअरचे ‘मॅक्बेथ’ उभे केले. स्कॉटलंडऐवजी नाटक घडत होते वेस्ट इंडीजमधल्या एका बेटावर. पहिल्या रात्री सुमारे दहा हजार लोकांनी रस्ता अडविला. दिग्दर्शक ऑर्सन वेल्स गोरा होता, वयाने जेमतेम वीस-एकवीस वर्षांचा. त्यामुळे हा प्रयोग कितपत कृष्णवर्णीयांचा मानावा, असा वाद तेव्हा झाला आणि आजही होतो. तो वाद रास्तच आहे. परंतु नाटकगृह वस्तीत होते, तिकीट वस्तीला परवडणारे होते आणि नटांना सरकारी पगार होता, या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय घडते हे त्या रात्री दिसले. १९३९ मध्ये अमेरिकन काँग्रेसने पैसे तोडले आणि योजना बंद पडली.

साठ वर्षांनंतर, १९९६ मध्ये, नाटककार ऑगस्ट विल्सन यांनी प्रिन्स्टन येथील आपल्या गाजलेल्या भाषणात ६६ मोठ्या प्रादेशिक नाट्यसंस्थांपैकी कृष्णवर्णीयांची म्हणता येईल अशी एकच आहे, याकडे बोट दाखविले. नाटके होती, नाटककार होते. लॉरेन हॅन्सबेरी यांचे नाटक तर १९५९ मध्येच ब्रॉडवेवर पोचले होते. स्वतःच्या संस्था तेवढ्या नव्हत्या. २०१९ मध्ये जेरेमी हॅरिस या तरुण नाटककाराने ब्रॉडवेवरील आपल्या नाटकाचा एक प्रयोग केवळ कृष्णवर्णीय प्रेक्षकांना बोलावून केला आणि ८०४ खुर्च्या भरल्या. पुढे ही प्रथा लंडनला गेली तेव्हा, २०२४ मध्ये, ती फूट पाडणारी असल्याची टीका खुद्द ब्रिटिश पंतप्रधानांच्या कार्यालयाकडून झाली. वर्षातल्या इतर साऱ्या रात्री ज्या प्रेक्षागृहात एक वर्ग जवळजवळ एकटाच बसतो, त्या रात्रींना फूट म्हणण्याची रीत मात्र कोठेच नाही.

मराठी साहित्याने अमेरिकेतील या समाजाशी नाते फार पूर्वी जोडले. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच तेथील ब्लॅक पँथर संघटनेवरून घेतले. जनार्दन वाघमारे यांचा तेथील कृष्णवर्णीयांच्या साहित्यावरील व संस्कृतीवरील ग्रंथ १९७८ मधला. कविता, आत्मकथन, समीक्षा या प्रांतांत या नात्याला फळे आली. नाटकातही प्रेमानंद गज्वी यांचे ‘घोटभर पाणी’, दत्ता भगत यांचे ‘वाटा पळवाटा’ अशी कामे झाली. परंतु त्यांचा मोठा प्रेक्षकवर्ग एकांकिका स्पर्धा, महाविद्यालये आणि चर्चासत्रे यांतून आला. तिकडचा क्रोध आपण घेतला, शब्द घेतला. वस्तीत नाटकगृह चालविण्याची तिकडची धडपड घेतली नाही. ती घेण्याची खरे तर गरजही नव्हती, कारण जलसा घरचाच होता. तो आपण पुस्तकात ठेवून दिला आणि जयंतीच्या मिरवणुकीत त्याच्या जागी ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या केल्या. एका रात्रीच्या त्या भिंतींच्या भाड्यात किती जलसे बसले असते, हा हिशेब मंडळांच्या कार्यकर्त्यांनी एकदा मांडून पाहण्यास हरकत नाही.

अपवाद आहेत. गो. पु. देशपांडे यांचे जोतीरावांवरील ‘सत्यशोधक’ हे नाटक २०१२ मध्ये अतुल पेठे यांनी पुणे महानगरपालिकेच्या कामगार युनियनमधील सफाई कामगारांना घेऊन बसविले. शहराचा कचरा उचलणारे स्त्री-पुरुष रंगमंचावर उभे राहिले. नाटक युनियनच्या आधाराने उभे राहिल्यामुळे त्याला तालमीची जागा, माणसे आणि आपलेपणाने येणारा प्रेक्षक हे तिन्ही मिळाले. या एका उदाहरणाचे कौतुक पुष्कळ झाले. अनुकरण मात्र फारसे झाले नाही.

त्याचे कारण शोधण्यासाठी सोलापूरजवळच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीकडे पाहावे. पुण्याच्या महामार्गावर, मोहोळ तालुक्यात ही वसाहत आहे. सोलापूरची पहिली कापडगिरणी १८७७ मधली; तिच्यानंतर उभ्या राहिलेल्या गिरण्याही शहरात किंवा शहराला लागून होत्या. गिरणीचा भोंगा, चाळ, तालीम, मेळा, युनियनची कचेरी आणि चहाची टपरी ही सारी एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी बोलणारी माणसे एकाच फाटकातून आत जात आणि एकाच फाटकातून बाहेर पडत. कलापथकाला फाटकापुढची मोकळी जागा पुरे होई. अमरशेखांसारखा शाहीर याच जिल्ह्यातल्या बार्शीचा, हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही.

त्या गिरण्या बंद पडल्या आणि उद्योग शहराबाहेर गेला. चिंचोळीचा कामगार काही सोलापुरातून येतो, काही मोहोळच्या आणि उत्तर सोलापूरच्या खेड्यांतून मोटारसायकलीवर येतो, काही परप्रांतातून येऊन भाड्याच्या खोलीत राहतो. पाळी संपली की तो पांगतो. कारखाना आहे, पण कारखान्याभोवती वस्ती नाही. आणि वस्ती नाही म्हणून प्रेक्षक नाही. शहरातल्या हुतात्मा स्मृति मंदिरात एखादे चांगले नाटक लागले, तरी त्याला ते पाहण्याची खरी किंमत तिकिटावर छापलेली नसते. जाण्यायेण्याचे पेट्रोल, रात्री उशिरा महामार्गावरून परतण्याचा धोका, बुडालेला जादा कामाचा पैसा आणि दुसऱ्या दिवशीच्या पाळीआधी न झालेली झोप, हे सर्व त्यात मिळवावे लागते. तिकिटाचा दर हा या बेरजेचा लहानसा भाग आहे. म्हणूनच निर्मात्याला प्रयोगामागे सरकारी अनुदान दिले, तरी या कामगाराच्या दृष्टीने नाटक स्वस्त होत नाही. अनुदान रंगमंचाला मिळते. खुर्ची मोकळीच राहते.

पैसा नाही असे नव्हे. १९५३ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळासाठी दर सहामाहीस, जून आणि डिसेंबरमध्ये, कामगाराच्या वेतनातून वर्गणी कापली जाते. त्याच्या तिप्पट मालक भरतो आणि शासनही आपला वाटा घालते. मंडळ कामगारांच्या नाट्यस्पर्धा भरविते, त्यांतून चांगले नटही पुढे आले आहेत. पण स्पर्धेची रचना अशी की संघ शहरातल्या रंगमंचावर येतो, परीक्षकांसमोर प्रयोग करतो आणि निकाल घेऊन परततो. ज्यांच्या वर्गणीवर हे चालते तो बहुसंख्य कामगार प्रेक्षागृहातही नसतो. कंत्राटदारामार्फत आलेल्या कामगाराची स्थिती तर आणखी निराळी. आपल्या नावाची वर्गणी भरली गेली की नाही हेच त्याला सहसा ठाऊक नसते, आणि आजच्या औद्योगिक वसाहतींत असे कामगार थोडे नाहीत.

स्पर्धा बंद करावी असे कोणी म्हणणार नाही. तथापि तिच्यातील निवडक प्रयोग वसाहतीतच, साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, दिवसपाळी सुटते त्या वेळेस का होऊ नयेत? औद्योगिक वसाहतीच्या आराखड्यात सार्वजनिक सोयींसाठी जागा राखलेल्या असतात. त्यांतल्या एखाद्या जागेवर साधा ओटा, छप्पर आणि दिवे झाले तरी आरंभास पुरेसे आहे. नाटकाआधी तासभर हलगी-ढोलकीच्या स्थानिक वादकांना आणि गाणाऱ्या बायकांना मोबदला देऊन बोलवावे, नाटकानंतर नटांशी बोलणे व्हावे, परतीसाठी मोहोळच्या आणि सोलापूरच्या बाजूस एकेक एसटी गाडी ठरवून ठेवावी. नाटकांची निवड एकट्या मंडळाच्या अधिकाऱ्यांवर न सोडता तीत कामगारांचे प्रतिनिधी असावेत आणि त्यांत कंत्राटी कामगारही असावेत. नाही तर सुरक्षित विनोदी नाटकेच चिंचोळीस येत राहतील.

यावर कारखानदारांचा आक्षेप येईल, आणि तो उघड बोलला जाणार नाही. कामगार एकत्र जमले की मागण्या जमतात, ही धास्ती जुनी आहे. ती अगदीच खोटीही नाही. जलशाने गावोगाव हेच केले होते. जेथे एकाच यंत्रावर काम करणाऱ्या दोघांच्या पगारात कायम आणि कंत्राटी एवढ्याच कारणाने तफावत पडते, तेथे बतावणीला विषय शोधावा लागणार नाही. दुसरा आक्षेप सुशिक्षितांचा : कामगाराला मोबाइलच पुरे झाला आहे, नाटक कोण पाहतो? हार्लेमविषयीही असे बोलणारे १९३६ पूर्वी असतीलच. जेथे अशी संध्याकाळ एकदाही आली नाही, तेथील लोकांच्या आवडीविषयी निर्णय देण्याची घाई करण्याचे कारण नाही. अडचण खरी आहे ती भाषेची. सोलापुरी तेलुगू बोलणारा पद्मशाली आणि बिहारमधून आलेला तरुण यांना मराठी वग कितपत भिडेल हे आधी सांगता येत नाही. पण गिरण्यांच्या काळातही सोलापूर एकभाषिक नव्हते, आणि तमाशातील सोंगाड्याने परभाषेची फोडणी देऊन लोकांना हसविण्याचे टाळल्याचे ऐकिवात नाही. पहिल्या वर्षी चार प्रयोग करून पाहावेत, एक तेलुगू किंवा हिंदी बतावणीसह, आणि किती माणसे दुसऱ्यांदा येतात ते मोजावे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही; मंडळाच्या अंदाजपत्रकातील एक ओळ आणि एसटीच्या दोन गाड्या लागतात.