मुलग्याशी कोण बोलणार?

बंदरातली रात्रपाळी संपवून, करळ फाट्यावरच्या ट्रेलरच्या रांगेतून वाट काढत बाप घरी पोचतो, तेव्हा मुलगा शाळेत गेलेला असतो. बाप झोपून उठेपर्यंत तो क्लासला. मग एखाद्या रविवारी दोघं समोरासमोर जेवायला बसतात आणि बापाला दिसतं, की पोराचा आवाज घोगरा झालाय, मिसरूड फुटलंय, शर्टाच्या बाह्या मनगटावर चढल्यात. 'मोठा झालास की रे,' एवढं म्हणून तो भाकरी मोडतो. न्हावा शेव्याच्या आसपास कितीतरी मुलग्यांना वयात येण्याबद्दल वडिलांकडून ऐकायला मिळतं ते हेच एक वाक्य.

मुलीच्या वाट्याला निदान आई, आत्या, मावशी येतात. त्यांचं सांगणं पुष्कळदा अर्धवट असतं, 'बाजूला बस' यापाशीच थांबतं, आणि ते बदलायलाच हवं. पण तिला पाळी येणार हे घराला माहीत असतं. सरकारलाही माहीत असतं: २०१८च्या महिला दिनी सुरू झालेल्या अस्मिता योजनेत जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांत देऊ केलं गेलं. मुलग्याचं मात्र 'तो काय, आपोआप शिकेल.'

आपोआप तो काय शिकतो? तेरा वर्षांचा मुलगा एका पहाटे घाबरून उठतो. आई उठायच्या आत मोरीत चड्डी धुतो आणि कोणाला दिसू नये म्हणून टॉवेलाखाली वाळत घालतो. आपल्याला काहीतरी रोग झालाय असं त्याला वाटतं, कारण या साध्या, निरोगी गोष्टीला आपल्या भाषेत नावच मुळी 'स्वप्नदोष' आहे. दोष कसला? भिंतींवरच्या गुप्तरोगाच्या जाहिराती याच एका शब्दावर पोट भरतात. काही मुलांना छातीत छोटी, दुखरी गाठ लागते. जवळजवळ निम्म्या मुलग्यांना या वयात असं होतं आणि वर्षा-दोन वर्षांत ते बहुधा आपसूक जातं. पण ज्याला हे कोणी सांगितलेलं नसतं, तो शर्ट काढायला लागू नये म्हणून पोहायला जाणंच सोडतो. मुलींची उंची मुलांच्या साधारण दोन वर्षं आधी वाढते, म्हणून सातवीच्या वर्गात तो बुटका दिसतो. रात्री उशिरापर्यंत झोप येत नाही, सकाळी उठवत नाही, यात आळसापेक्षा शरीराचं घड्याळ पुढे सरकण्याचा भाग मोठा असतो. वयात येण्याचे बदल मुलींमध्ये आठ ते तेरा आणि मुलग्यांमध्ये नऊ ते चौदा या वयात केव्हाही सुरू होतात. त्याआधी दिसले, किंवा ते वय उलटूनही काहीच दिसलं नाही, तर डॉक्टरांना दाखवावं. एरवी मुलाला गरज असते ती घरातल्या कोणीतरी 'हे असंच असतं' म्हणण्याची.

हे म्हणण्याची किंमत महाराष्ट्राने एका माणसाकडून वसूल केली आहे. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केलं. वाचकांच्या लैंगिक शंकांना सरळ उत्तरं दिली म्हणून १९३४ साली त्यांना कोर्टात उभं केलं गेलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरीही दंड झालाच. पहिला अंक निघाला त्याला ऐंशी वर्षं झाली त्या २००७ साली राज्याने शाळांमधलं किशोरवयीन शिक्षण संस्कृतीच्या नावाखाली थांबवलं. त्या वर्षी सातवीत असलेली मुलं आज बाप झाली आहेत. त्यांनाही कोणी काही सांगितलेलं नाही. सरकारी रुग्णालयांत 'मैत्री' क्लिनिक आहेत, तिथे या वयाच्या मुलामुलींना सल्ला मिळतो. पण बारा-तेरा वर्षांचं पोर एकटं दवाखान्याची पायरी कसं चढेल? कोणीतरी सोबत जायला हवं.

न्हावा शेव्याच्या किनाऱ्यावर एकेकाळी अशी सोबत होती; पोराला बापाबरोबर होडीत जावं लागे. अष्टमीचा भांग म्हणजे मंद भरती, पुनवेचं उधाण, खाडीत पाणी कुठे ओढतं, हे सगळं पाण्यात उतरायच्या आधी कळलेलं असे. शरीराचा विषय तेव्हा निघत होता असं नाही. पण तासन् तास शेजारी बसणं होत होतं. १९८९ साली बंदर सुरू झालं, त्याआधीच शेव्याचा कोळीवाडा हलला होता. जाळी गेली, कामाच्या पाळ्या आल्या, आणि ते शेजारी बसणंही गेलं.

ते पुन्हा मिळवता येईल. त्यासाठी मुलाला समोर बसवून व्याख्यान द्यायची गरज नाही, तसं केलं तर तो उठून जाईल. सुट्टीच्या दिवशी त्याला स्कूटरवर मागे बसवून उरणच्या पीरवाडीला न्यावं. दोघांची तोंडं एकाच दिशेला असली की बोलणं सोपं जातं. आणि मिसरूड फुटायची वाट न बघता, दहाव्या-अकराव्या वर्षीच त्याला सांगावं, 'तुझ्या वयात माझंही असंच झालं होतं. मी खूप घाबरलो होतो, आणि मला कोणी सांगितलं नव्हतं.'