रॉड मोडला, दोष कुणाचा?



राष्ट्रीय महामार्ग ६५ (जुना ९) आपल्या मन्नाएखेळ्ळीवरून जातो. या रस्त्यावर मांडीचे किंवा नडगीचे हाड मोडले की बिदर, कलबुर्गी, सोलापूर नाहीतर हैदराबाद गाठायचे, रॉड किंवा प्लेट बसवायची आणि कर्ज घेऊन घरी यायचे. काही महिन्यांनी तोच रॉड आत मोडला तर? डॉक्टर म्हणतात, "तुम्ही लवकर चाललात." घरचे म्हणतात, "माल बोगस होता." भांडण तिथेच थांबते आणि दुसऱ्या ऑपरेशनसाठी शेत गहाण पडते.

खरे काय ते समजून घ्या. रॉड हाडाची जागा घेत नाही, हाड जुळेपर्यंत आधार देतो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसेच प्रत्येक पावलागणिक धातू थकतो. हाड वेळेत जुळले तर रॉड वाचतो, न जुळल्यास उत्तम पोलादही कधीतरी मोडते. जंतुसंसर्ग, मधुमेह, बिडी-सिगारेट, घाईने भार देणे, चुकीच्या मापाचा रॉड किंवा सदोष धातू, यांपैकी कोणतेही कारण असू शकते. म्हणून तपासणीआधी कुणालाही दोषी ठरवू नये, रुग्णालाही नाही.

पण तपासणार कशावरून? वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ नुसार लेबलवर उत्पादकाचे नाव, परवाना व लॉट क्रमांक हवा. आपल्या किती जणांच्या डिस्चार्ज कार्डावर तो असतो? २०१० साली डीप्यू कंपनीने 'एएसआर' हा कृत्रिम खुबा जगभरातून परत मागवला. भारतात अशा सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या, त्यांपैकी ३,६०० हून अधिक रुग्णांचा पत्ताच लागत नव्हता. मोठ्या शहरांतल्या महागड्या खुब्यांची ही गत, तर खेड्यातल्या रॉडची नोंद कोण ठेवणार?

केंद्राच्या २०२५ च्या योजनेत अपघातग्रस्तास दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार मिळतात, पण अपघातापासून ७ दिवसच. रॉड मात्र सात दिवसांत मोडत नाही!

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. इम्प्लांटचे स्टिकर डिस्चार्ज कार्डावर लावा. भार कधी द्यायचा हे मराठीतही लिहून द्या, कारण न समजलेली सूचना पाळली जात नाही. मोडलेल्या रॉडच्या दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च सरकारी योजनेत घ्या.

आपणही जागे राहावे. पक्के बिल आणि एक्स-रे जपून ठेवा. काढलेला तुकडा मागून घ्या, तोच पुरावा आहे. तक्रार १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर नोंदवा. भरपाईसाठी दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. सरकारी अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे मराठीत मांडण्याचा हक्क घटनेच्या कलम ३५० ने दिला आहे. तो वापरा. मोडलेला पाय नशिबाचा भाग असेल, मोडलेल्या रॉडचा हिशेब मात्र मागितलाच पाहिजे.