चोर सोडून संन्याशाला फाशी

खान्देशात उन्हाळा हा सर्व दोषांचा धनी असतो. जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपलीकडे गेला, की बंद पडलेल्या प्रत्येक यंत्राचे खापर उन्हावर फुटते. त्यातून उरलेच तर विजेच्या लपंडावावर, नाहीतर संगणक जोडून देणाऱ्या स्थानिक तंत्रज्ञावर. मात्र २०२४ साली इंटेल या बलाढ्य कंपनीच्या प्रोसेसरबाबत जे उघड झाले, ते पाहता ही सवय जळगाव-धुळ्याच्या ग्राहकाने सोडायला हवी.

कंपनीच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसर, विशेषतः महागडे आय-७ व आय-९, कालांतराने डळमळू लागले. संगणक मध्येच गोठे, निळा पडदा येई, कार्यप्रणाली कोसळे. गंमत अशी, की कित्येकदा पडद्यावर संदेश झळके तो ग्राफिक्सची स्मृती अपुरी असल्याचा! साहजिकच लोक ग्राफिक्स कार्ड बदलत, रॅम बदलत. मूळ दोषी मात्र जागचा हलत नसे. प्रारंभी खुद्द कंपनीनेही मदरबोर्ड उत्पादकांच्या सेटिंगकडे बोट दाखविले. अखेर जुलै २०२४ मध्ये तिला मान्य करावे लागले, की प्रोसेसरमधील मायक्रोकोडच गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मागत होता. या वाढीव दाबाने आणि उष्णतेने आतील घड्याळ-मंडल अकाली झिजत होते.

म्हणजे ऊन अगदीच निर्दोष नाही. २०२५च्या उन्हाळ्यात युरोपात उष्णतेची लाट आली, तेव्हा याच प्रोसेसरच्या संगणकांवर फायरफॉक्स कोसळण्याचे प्रमाण वाढल्याचे मोझिलाच्या एका अभियंत्याने नोंदविले. युरोपच्या उन्हाळ्यात जर ही गत, तर धुळ्यातील बंद खोलीत मे महिन्यात दिवसभर चालणाऱ्या संगणकाचे काय? तथापि ऊन हे निमित्त आहे. दोष कारखान्यातून आलेला आहे.

ऑगस्ट २०२४ पासून कंपनीने सुधारित मायक्रोकोड दिला. तो मदरबोर्डच्या बायोस अद्ययावतीकरणातून मिळतो आणि प्रत्येकाने तो घ्यायलाच हवा. परंतु करपा पडलेले केळीचे पान फवारणीने पुन्हा हिरवे होत नाही, वाचतात ती पुढची पाने. तद्वतच झिजलेला प्रोसेसर या सुधारणेने बरा होत नाही. तो बदलूनच घ्यावा लागतो. त्यासाठी कंपनीने हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवून पाच वर्षे केली आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये घेतलेल्या प्रोसेसरची हमी ऑक्टोबर २०२७ मध्ये संपते. मुदत टळल्यावर हळहळण्यात अर्थ नाही.

येथेच आपली दुसरी सवय आड येते. चार पैसे वाचावेत म्हणून पक्के बिल न घेता संगणक जोडून घेणारी घरे थोडी नाहीत. खोकाबंद प्रोसेसरची हमी थेट कंपनी देते. सुट्या प्रोसेसरसाठी ज्याच्याकडून संगणक घेतला, त्याच्याच दारी जावे लागते. बिल नाही, खोका नाही, क्रमांक नाही. मग हक्क सांगायचा कशाच्या बळावर?

ग्राहक जागा असला की कंपनी वाकते, हा इतिहास आहे. पुण्यात जन्मलेल्या विनोद धाम यांचे नाव ज्याच्याशी जोडले जाते, त्या पेंटियममध्ये १९९४ साली भागाकाराची चूक सापडली. थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकाने ती चव्हाट्यावर आणली. गरज सिद्ध करणाऱ्यालाच बदली देऊ, असे कंपनी प्रथम म्हणाली. लोकक्षोभ उसळताच डिसेंबरात मागेल त्याला नवा प्रोसेसर देणे तिला भाग पडले, त्यापायी ४७.५ कोटी डॉलरचा भुर्दंड बसला.

आपल्याकडेही साधने आहेत. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, ती याच जागृतीसाठी. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष उत्पादनासाठी उत्पादकाला उत्तरदायी ठरविले आहे. ग्राहक राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्कही नाही. १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहेच.

तेव्हा संगणक रुसला, तर आधी प्रोसेसरची पिढी पाहावी, बायोस तपासावे, बिल शोधावे. उन्हाला आणि गल्लीतल्या तंत्रज्ञाला शिव्या देणे सोपे असते. पण खऱ्या दोषीला जाब विचारतो, तोच खरा ग्राहक.