माळावरची चार चाकं

माझ्या आयुष्यातला सगळ्यात जास्त लाइक्स मिळालेला फोटो जैसलमेरजवळच्या सॅमचा आहे. डोक्याला भगवं मुंडासं, डोळ्यांवर गॉगल, बुडाखाली लाल क्वाड बाइक आणि मागे वाळूच वाळू. हापिसातल्या लॅपटॉपवर वर्षभर हाच वॉलपेपर होता. इतका भारी मी परत कधी दिसलेलो नाही, असं बायकोचंही मत आहे.

डिसेंबर २०२२. हिंजवडीतले आम्ही चौघे, जोधपूरमार्गे जैसलमेर आणि तिथून पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर सॅमच्या वाळूच्या टेकड्या. उंट की क्वाड, ही चर्चा अर्धा मिनिट चालली. उंट हरला.

ज्यांनी चालवली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. क्वाड म्हणजे चार फुगीर टायरांवर बसवलेली मोटरसायकल. ॲक्सिलरेटर मुठीने पिळायचा नाही, उजव्या अंगठ्याने दाबायचा. टायरांत हवा मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे टायर पसरतो आणि वाळूत रुतत नाही. गाडीवाल्या पोराने आमचं ट्रेनिंग एका वाक्यात उरकलं, "साब, चढाई पे अंगूठा मत छोड़ना." चढावर अंगठा सुटला की गाडी थांबते, थांबली की मागची चाकं जागच्या जागी खड्डा पाडतात आणि गाडी बसते. आणि उतारावर तिरकं जायचं नाही, नाहीतर गाडी वर आणि आपण खाली. सरळ चढायचं, सरळ उतरायचं.

वाळूच्या टेकडीला दोन बाजू असतात, हेही तिथेच कळलं. वारा येतो ती बाजू लांबलचक, बेताच्या चढाची, घट्ट. पलीकडची एकदम तुटलेली, तीसेक अंशांची. त्याहून फार जास्त उतारावर कोरडी वाळू ठरतच नाही, घसरते. आपण घट्ट बाजूने चढतो आणि माथ्यावर पोचताना पुढे काहीच दिसत नाही. फक्त आकाश. त्या अर्ध्या सेकंदात पोटात जे होतं ना, पैसे त्याचेच! मी अस्सल इंदापुरी शिव्या देत खाली आलो आणि लगेच परत वर गेलो.

दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला त्याच जागी आलो, तर आमच्या चाकांचे पट्टे गायब. रात्रभर वारा सुटला होता. वाळूवर नुसत्या लाटा, जणू काल तिथे कोणी फिरकलंच नव्हतं. मला हे फार आवडलं. कितीही हुंदडा, सकाळी पाटी कोरी.

परतताना जीपवाला गोडावण नावाच्या पक्ष्याबद्दल सांगत होता. राजस्थानचा राज्यपक्षी, मोठा, जड, उघड्या जमिनीवर एकच अंडं घालणारा. म्हणजे आमचा माळढोक! इंदापूरहून सोलापूरकडे निघालं की नान्नज फार लांब नाही. १९७९ मध्ये तिथे त्याच्यासाठी अभयारण्य झालं. आता जगात उरलेले बहुतेक माळढोक जैसलमेरच्या बाजूलाच आहेत आणि सॅमला त्यांचं प्रजनन केंद्र आहे. मी "अच्छा, अच्छा" म्हणत फोटो अपलोड करत होतो.

महिन्याभराने संक्रांतीला गावी गेलो. बारामतीच्या आतेभावाने कुठूनशी सेकंडहँड क्वाड पैदा केली होती. तिला रस्त्यावर चालवायचं पासिंग नाही, म्हणून पिकअपमध्ये घालून घेऊन आला. "दादा, तुझं वाळवंट राहू दे. आपला माळ काय कमी आहे का?"

बारामती-इंदापूर म्हटलं की लोकांना ऊस, साखर कारखाने, उजनीचं पाणी आणि भिगवणचे फ्लेमिंगो आठवतात. पण कालव्याचं पाणी जिथे चढत नाही तिथे हा माळ आहे. पाऊस बेताचा, जमीन मुरमाड, गुडघाभर कुसळी गवत, मधूनच बोर नाहीतर बाभळ. लहानपणी त्या दिशेला बोट दाखवून आम्ही म्हणायचो, "तिकडं काही नाही." सरकारी कागदावरही असल्या जमिनी बहुतेकदा पडीकच असतात.

तर त्या 'काही नाही'वर आम्ही क्वाड घातली. वाळूची मऊ गंमत इथे नव्हती. दगडगोट्यांवर दात वाजत होते, तरी मजा आली. तेवढ्यात एक म्हातारा मेंढपाळ काठी उंचावत आडवा आला.

"कुठं निगालाय रं पोरांनो? त्या ओघळीच्या अंगाला लांडगीची पिल्लं हायती."

आतेभाऊ हसला. "आबा, तुमचीच मेंढरं खातात ना ती?"

"खात्यात की. मग त्येंनी जायाचं कुठं?"

आम्ही "हो आबा, जातो आबा" म्हणालो. ते पलीकडे गेल्यावर आणखी दोन चकरा मारल्या. हे लिहायला बरं वाटत नाही, पण मारल्या.

२०२४ मध्ये वनविभागाने इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला आणि बारामतीतल्या शिर्सुफळला गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. ठरलेली वाट, सोबत गावातलाच गाइड. गेल्या वर्षी जानेवारीत आम्ही गेलो. मी, बायको आणि तोच आतेभाऊ. पहिल्या अर्ध्या तासात चिंकारा दिसले, मग एक खोकड. लांडगा नाही दिसला. धाविक नावाचा एक देखणा पक्षी गाडीपुढे चार पावलं तुरूतुरू धावायचा आणि थांबायचा. गाइड म्हणाला, हा घरटं बांधत नाही, उघड्या मुरमावरच अंडी घालतो, आणि ती खड्यांसारखीच दिसतात. चाकाखाली आली तरी कळायचं नाही. मी बसल्या बसल्या चकरा मोजत होतो.

एका चढाशी त्याने गाडी थांबवली. वाटेपासून थोडं आत, गवतातून दोन समांतर चर खाली गेले होते. चांगले वीतभर खोल.

"हे बघा. कुणीतरी गाडी घातलेली. दोन पावसाळे झाले. मुरमाचा वरचा थर एकदा फुटला की गवत धरत नाही. मग पावसाचं पाणी तीच वाट पकडतं आणि दरसाल खोल करत जातं."

"कोण असतात हो असली माणसं?" बायकोने मागून विचारलं.

"असतात मॅडम, पुण्या-मुंबईची," गाइड म्हणाला.

आतेभाऊ बारामतीचा असूनही काही बोलला नाही. त्याने खिडकीची काच खाली केली, मग परत वर केली. मी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि चिंकारा नव्हते त्या बाजूला बराच वेळ बघत राहिलो.