प्रोटॉनची साक्ष



मे २०२४ मधील ती रात्र तुमच्या लक्षात असेल. सूर्यावर मोठी वादळे झाली आणि १० व ११ मेच्या दरम्यान युरोप-अमेरिकेतले आकाश हिरवे-तांबडे झाले. आपल्या लडाखमध्ये हानले येथेही कॅमेऱ्यांनी आकाशातली तांबूस झाक टिपली. ते फोटो मोबाईलवरून घरोघरी पोहोचले. वस्तीतल्या अभ्यासिकेत मुलांनी आम्हांला विचारले, हा काय प्रकार? आम्ही ठोकून दिले, "सूर्यावरून कण येतात, थेट हवेवर आदळतात आणि आकाश उजळते." सगळ्यांनी माना डोलावल्या. नववीतली एक मुलगी मात्र उभी राहिली आणि म्हणाली, "काका, ते कण सूर्यावरचेच हे कशावरून? कुणी पाहिलेत का?"

प्रश्न बिनतोड होता. पुस्तकात लिहिले आहे, हे काही उत्तर नव्हे. आम्ही आठ दिवसांची मुदत मागून घेतली. वाचत गेलो तसे कळले की, आमचे उत्तर अर्धेच बरोबर होते. आज ते येथे दुरुस्त करीत आहोत.

सूर्यापासून सतत एक झोत वाहत असतो. त्याला सौरवारा म्हणतात. हा वारा हवेचा नव्हे, तर विद्युतभारित कणांचा. त्यात मुख्यतः प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन असतात. हायड्रोजनचा अणू फुटला की हेच दोन कण सुटे होतात. सौरवाऱ्याचा वेग साधारणपणे सेकंदाला ४०० किलोमीटर. म्हणजे १५ कोटी किलोमीटरचा प्रवास करून तो चारएक दिवसांत आपल्यापर्यंत येतो. १९६२ साली शुक्राकडे निघालेल्या मरिनर-२ या यानाने वाटेत कित्येक आठवडे हा वारा प्रत्यक्ष मोजला.

पण तो सरळ आपल्या हवेवर आदळत नाही. पृथ्वी हे एक मोठे लोहचुंबक आहे आणि तिच्या चुंबकीय क्षेत्राचे कुंपण सूर्याच्या बाजूला सुमारे ६० हजार किलोमीटरवर उभे आहे. विद्युतभारित कणाला ते ओलांडता येत नाही. बहुतेक वारा बाजूने वळून निघून जातो. मात्र सौरवारा स्वतःचे चुंबकीय क्षेत्र घेऊन येतो. त्याची दिशा पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट पडली की, दोन्ही क्षेत्रांच्या रेषा तुटून एकमेकींना जोडल्या जातात आणि कुंपणाला दार पडते. काही प्रोटॉन त्या दारातून ध्रुवाजवळच्या हवेत थेट उतरतात. इतर कण पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूला, चुंबकीय क्षेत्राच्या लांब शेपटीत साठतात. तेथे त्यांना आणखी वेग मिळतो आणि मग ते खाली येतात.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. पुरावा काय?

पहिली साक्ष नॉर्वेतली. १९३९ साली लार्स वेगार्ड यांनी ध्रुवीय प्रकाशाचा वर्णपट तपासला. त्यांना त्यात हायड्रोजनच्या रेषा दिसल्या. हे नवलच होते. शंभर-सव्वाशे किलोमीटर उंचीवरच्या हवेत नायट्रोजन आणि ऑक्सिजन असतो, हायड्रोजन अगदी नावापुरता. मग हा हायड्रोजन आला कोठून?

दुसरी साक्ष अमेरिकेतली. १९५० च्या ऑगस्टमध्ये यर्क्स वेधशाळेत एडन माइनेल यांनी त्याच रेषा पुन्हा तपासल्या. आपण फलाटावर उभे असताना जलद गाडी भोंगा वाजवीत येते, तेव्हा तिचा आवाज चढा लागतो. पुढे गेली की तोच आवाज उतरतो. प्रकाशाचेही तसेच आहे. उजेड देणारी वस्तू आपल्याकडे धावत असेल, तर तिचा रंग निळ्याकडे सरकतो. माइनेल यांना हायड्रोजनची तांबडी रेषा अशीच सरकलेली दिसली. हिशेब केला तेव्हा वेग निघाला सेकंदाला ३,००० किलोमीटरहून जास्त! हवेतला हायड्रोजन कधी असा धावेल काय? म्हणजे हे कण बाहेरून, वरून येत होते. सौरवाऱ्यापेक्षा हा वेग कितीतरी अधिक आहे, कारण त्या शेपटीतला धक्का त्यांना बसलेला असतो.

तेव्हा अनेकांना वाटले, सगळा ध्रुवीय प्रकाश प्रोटॉनच पाडतात. तेही चुकले. १९५८ साली कॅनडातल्या चर्चिल येथून सोडलेल्या रॉकेटांवर कार्ल मॅकइल्वेन यांची उपकरणे होती. त्यांनी दाखवून दिले की, डोळ्यांना दिसणारे ते झळाळते पडदे मुख्यतः इलेक्ट्रॉनमुळे उजळतात. मोबाईलवरची ती हिरवी चित्रे बहुतांशी त्यांचीच. प्रोटॉनचा प्रकाश वेगळा आणि फिका असतो.

फिका का, तेही समजून घेण्यासारखे आहे. खाली उतरणारा प्रोटॉन हवेतल्या एखाद्या अणूचा इलेक्ट्रॉन ओढून घेतो. क्षणात तो हायड्रोजनचा पूर्ण अणू होतो. त्याच्यावर विद्युतभार उरत नाही, म्हणून चुंबकीय रेषेचे बंधनही उरत नाही. तो वाटेल तिकडे जातो. पुढच्या टकरीत इलेक्ट्रॉन गमावतो आणि पुन्हा प्रोटॉन होतो. असे शेकडो वेळा घडते. हायड्रोजन झाला असताना तो आपला खास उजेड देतो. या भटकंतीत तो उजेड शेकडो किलोमीटर पसरून विरळ होतो. शिवाय त्यातला मोठा भाग अतिनील असतो, तो डोळ्यांना दिसतच नाही.

तो पाहण्यासाठी २००० साली इमेज नावाचा उपग्रह सोडण्यात आला. त्यातला एक कॅमेरा नेमका सरकलेल्या रंगाचा उजेडच टिपत असे, म्हणजे धावत्या हायड्रोजनचा. १८ मार्च २००२ रोजी त्याला उत्तर ध्रुवाजवळ प्रोटॉनच्या प्रकाशाचा एक ठिपका दिसला. तो तासन् तास तेवत राहिला. त्याच वेळी वरून जाणाऱ्या क्लस्टर उपग्रहांना सौरवाऱ्याचे कण आत शिरताना सापडले. दार वर उघडे होते, दिवा खाली लागला होता! कुंपणाचे दार कित्येक तास उघडे राहू शकते, हे त्यातून कळले. सौरवाऱ्याचा दाब वाढला की असा ठिपका अधिक उजळतो, हेही पुढे आले.

आपल्या देशाचे आदित्य-एल१ यान ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर पोहोचले. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने बनविलेले त्यातले उपकरण सौरवाऱ्यातले प्रोटॉन मोजण्यासाठी आहे. साध्या वेगाने निघालेला वारा तेथून पृथ्वीशी यायला सुमारे तास लागतो.

आठ दिवसांनी आम्ही अभ्यासिकेत गेलो आणि सर्वांसमोर सांगितले, "त्या दिवशी आम्ही चुकीचे बोललो. कण थेट आदळत नाहीत आणि सगळा उजेड एकाच कणाचा नाही." मग हे सारे समजावले. मुलगी शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे शास्त्रज्ञही चुकले होते ना, काका?"

होय, चुकले होते. पण दुसऱ्याने मोजले, तेव्हा त्यांनी ते मान्य केले. आईबापहो, तुमच्या घरातले लेकरू "कशावरून?" म्हणून विचारील, तेव्हा त्याला गप्प बसवू नका. उत्तर ठाऊक नसेल, तर आठ दिवसांची मुदत मागा. आम्हीही तेच केले.