ठप्पा

उमरग्यावरून सोलापूर-हैदराबाद हायवे जातो. तो कुणाला दहावीचं सर्टिफिकेट विचारत नाही. विमानतळावरचा काउंटर विचारतो.

दहावी नसलेल्या पोराच्या पासपोर्टवर ईसीआर ही तीन अक्षरं येतात. म्हंजे सौदी, कुवेत, कतार, ओमान धरून 18 देशांत कामाला जायचं तर आधी सरकारची परवानगी काढा. 1983 च्या कायद्यानं ती देणाऱ्या साहेबाचं नाव उत्प्रवासी संरक्षक. पदनाम गिरमिटियांच्या काळातलं. परवानगी नसेल तर विमान समोर उभं आणि पोरगं माघारी.

दहावी पास मोकळा. दहावी नसली तरी इन्कम टॅक्स भरणारा मोकळा. आणि दहावी सुटते कुणाची? आईबापामागं ऊसतोडीला जाणाऱ्या पोराची. आधी शाळा हिसकायची, मग शाळा नाही म्हणून ठप्पा मारायचा. वा रे संरक्षण!

खाडीत पासपोर्ट दाबून ठेवणारे, पगार बुडवणारे मालक आहेत. तपासणी पाहिजेच. पण तपासायचं कुणाला? एजंट सांगतो, टुरिस्ट म्हणून जा, कामाचं तिकडं बघू. कारण फिरायला जाणाऱ्याला ही परवानगी लागत नाही. काउंटरवर साहेब विचारतो, हॉटेल कुठलं? पोरगं अडखळतं. अडकलं तर कर्जाचा पैसा बुडाला. सुटलं तर तिकडं ना करार, ना विमा. दोन्हीकडं एजंट सहीसलामत.

गोऱ्यांचीही हीच रीत. 1987 साली ब्रिटननं कायदा केला : कागद अपुरे असलेला माणूस आणला की विमान कंपनीला दर माणशी 1,000 पौंड दंड. तिकीट तपासणारा क्लार्कच सरहद्दीचा शिपाई झाला. छळातून जीव घेऊन पळणाऱ्याकडं पक्के कागद कुठून असणार? तोही तिथंच अडला.

आमचं म्हणणं सरळ आहे. चौकी एजंटाच्या दारात बसवा. परवानगीची माहिती तालुक्याला, मराठीत द्या.

तोवर आपण काय करायचं? एजंटाचं लायसन्स बघायचं. त्याची फी कायद्यानं 30,000 रुपये अधिक जीएसटी, त्यावर दमडी नाही. पावती मागायची. करार वाचल्याशिवाय सही नाही. ज्याला वाचता येत नाही त्याच्या शेजारी वाचणाऱ्यानं बसायचं. एजंटाकडं एकट्याला जाऊ द्यायचं नाही, चौघांनी जायचं.

ठप्पा पासपोर्टवर आहे, कपाळावर नाही.

जय भीम!