कलम १०१ आपल्याला, कलम ८८ त्यांना



महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० या कायद्यात दोन कलमे आहेत. एक कलम १०१ आणि दुसरे कलम ८८. पहिले गावातल्या प्रत्येक थकबाकीदाराला तोंडपाठ आहे. दुसऱ्याचे नाव गावात कुणाच्या तोंडी नसते. पुढारी नियम मोडतात, त्यांना कुणी जाब विचारत नाही, असा संताप आज पारावर, बाजारात, एसटीत सगळीकडे ऐकू येतो. तो खरा आहे, पण नुसता संताप हवेत विरून जातो. नियम कुठे मोडला, जाब कुणी विचारायचा होता आणि तो का विचारला गेला नाही, हे नेमके समजले तरच त्या रागाचा उपयोग. ते समजून घ्यायला ही दोन कलमे शेजारी शेजारी ठेवून वाचावीत.

कलम १०१ म्हणजे वसुलीचा दाखला. पीककर्ज थकले की सोसायटी किंवा बँक निबंधकाच्या कार्यालयात अर्ज करते, थोडक्यात चौकशी होते आणि दाखला मिळतो. त्या दाखल्यावर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करता येते. मग कलम १५६ चा वसुली अधिकारी दारात उभा. पावसाने दीड महिना दडी मारली, बोंडे भरण्याआधी पराटी वाळली, ज्वारी पोटरीतच करपली, हे त्या दाखल्यात कुठेही लिहिलेले नसते. तिथे मुद्दल, व्याज आणि एकूण येणे एवढेच रकाने. दाखला चुकीचा आहे असे वाटले तर कलम १५४ खाली पुनरीक्षणाचा अर्ज करता येतो. मात्र त्याआधी येणे रकमेच्या निम्मे पैसे भरावे लागतात. ज्याच्याजवळ पैसे नाहीत म्हणून जो थकला, त्याने आधी निम्मे पैसे भरायचे आणि मग 'साहेब, माझे ऐका' म्हणायचे! असा हा न्याय.

आता कलम ८८ पाहा. संस्था चालवणाऱ्यांनी, म्हणजे अध्यक्ष, संचालक, व्यवस्थापक यांनी, संस्थेच्या पैशाची अफरातफर केली, विश्वासघात केला किंवा कायदा आणि पोटनियम मोडून नुकसान केले, तर ते नुकसान किती हे ठरवून त्यांच्याकडून व्याजासह भरून घ्यावे, असे हे कलम सांगते. कलम चांगले आहे. चौकशी दोन वर्षांत पुरी करावी, फार तर सहा महिने वाढवून घ्यावेत, अशी मुदतही आता कायद्यात घातलेली आहे. दोष आहे तो कलम चालवणाऱ्या हातांत. निबंधक आदेश काढणार, त्यावर अपील शासनाकडे जाणार. शासन म्हणजे प्रत्यक्षात सहकारमंत्री. आणि सहकारमंत्री कोण? ज्यांची चौकशी चालू आहे त्यांचा कालचा मित्र, आजचा भागीदार किंवा उद्याचा व्याही. उंदराला मांजर साक्ष म्हणतात ते हेच.

दीडशे कोटी आणि एकवीस वर्षे

हे कुणाला अतिशयोक्त वाटेल, म्हणून न्यायालयात शाबीत झालेलेच उदाहरण घेऊ.

नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने होम ट्रेड आणि आणखी काही दलाल कंपन्यांमार्फत सरकारी रोखे खरेदी करण्यासाठी पैसे दिले. पैसे गेले, रोखे आलेच नाहीत. २००२ साली हे उघडकीला आले तेव्हा बँकेचे दीडशे कोटींच्या वर रुपये बुडाले होते. होम ट्रेडच्या जाहिरातीत तेव्हा सिनेमाचे नट आणि क्रिकेटपटू झळकत होते. वर्धा आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या जिल्ह्यांच्या बँकाही याच कंपनीच्या पायी पोळल्या. तिन्ही जिल्हे कापूस, ज्वारी, तूर, सोयाबीन पिकवणारे. बहुतेक जमीन आभाळाच्या भरवशावर.

दीडशे कोटी ही रक्कम आपल्या हिशेबात आणून पाहू. त्या काळी एका खातेदाराला दहा हजारांचे पीककर्ज धरले तर दीड लाख शेतकऱ्यांचे एका हंगामाचे कर्ज होते. दीड लाख घरांचे बियाणे, खत, डवरणीची मजुरी. एवढा पैसा कागदाच्या चिठोऱ्यांवर उडाला. रोखे ताब्यात आल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत, ही अक्कल बैलबाजारातल्या दलालालाही असते. दावे हातात आल्याशिवाय तो नोट सुटी करत नाही.

त्या वेळी बँकेचे अध्यक्ष होते सुनील केदार. २००२ सालीच गुन्हा दाखल झाला आणि त्याच वर्षी आरोपपत्रही गेले. निकाल लागला २२ डिसेंबर २०२३ रोजी. केदारांसह सहा जण दोषी ठरले, पाच वर्षांची सक्तमजुरी झाली, तिघे सुटले. शिक्षेविरुद्ध केदारांनी अपील केले आणि जानेवारी २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. अपील हा प्रत्येक आरोपीचा हक्क आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. आमची तक्रार मधल्या एकवीस वर्षांबद्दल आहे.

या एकवीस वर्षांत काय काय झाले? २००४, २००९, २०१४ आणि २०१९ अशा चार निवडणुका ते जिंकले. २०१९ ते २०२२ ते राज्याचे मंत्री होते. पशुसंवर्धन आणि दुग्धविकास ही शेतकऱ्याच्या दावणीशी जोडलेली खाती त्यांच्याकडे होती. शिक्षा लागल्यावर आमदारकी गेली, तीही सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली लिली थॉमस खटल्यात दिलेल्या निकालामुळे. दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झालेला आमदार-खासदार नुसते अपील करून खुर्चीवर चिकटून राहू शकत असे, ती पळवाट त्या निकालाने बुजवली. ती पुन्हा उघडण्यासाठी तेव्हाच्या केंद्र सरकारने वटहुकूम आणण्याचा घाट घातला होता, लोक खवळले तेव्हा मागे घेतला. २०२४ च्या विधानसभेला केदार उभे राहू शकले नाहीत, त्यांच्या पत्नी उभ्या राहिल्या आणि मतदारांनी त्यांना पाडले.

आता दुसरी बाजू पाहा. याच वर्षांत बँकेचे काय झाले? नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तिन्ही जिल्हा बँकांची परिस्थिती इतकी खालावली की त्यांना बँकिंगचा परवाना मिळेना. ठेवीदार हवालदिल झाले, पीककर्ज आटले, शेतकरी सावकाराच्या आणि कृषी केंद्राच्या उधारीकडे ढकलला गेला. शेवटी २०१४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने देशातल्या परवाना नसलेल्या २३ जिल्हा बँका सावरण्यासाठी २,३७५ कोटींची योजना मंजूर केली. त्यातल्या तीन महाराष्ट्रातल्या, याच तीन. म्हणजे खड्डा पाडला कुणी आणि बुजवला कुणी? तो बुजवला कर भरणाऱ्याने. काडीपेटीपासून ट्रॅक्टरपर्यंत प्रत्येक वस्तूवर कर भरणारा शेतकरी त्यात आलाच. आणि नुकसान वसूल करण्याची जी कलम ८८ ची कार्यवाही, ती फौजदारी निकाल लागला तेव्हाही संपलेली नव्हती.

हे एका माणसाचे किंवा एका पक्षाचे प्रकरण आहे असे कुणी समजू नये. २०११ साली रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ बरखास्त झाले, तेव्हा त्या मंडळावर राज्यातल्या अनेक पक्षांचे पुढारी शेजारी शेजारी बसलेले होते. गुन्हा नोंदवायला २०१९ उजाडले, तेही उच्च न्यायालयाने आदेश दिल्यावर. २०२० मध्ये पोलिसांनी तपास बंद करण्याचा अहवाल सादर केला. सभेत एकमेकांवर चिखलफेक करणारे पुढारी बँकेच्या टेबलाभोवती मात्र एका ताटात जेवतात.

काणी कणसात दिसते, औषध बियाण्याला लागते

ज्वारी पेरणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. दाणे काणी कणसात दिसते तेव्हा दाण्याच्या जागी काळी भुकटी झालेली असते. त्या वेळी फवारा मारून उपयोग नाही. त्यावर उपाय एकच, पेरण्यापूर्वी किलोभर बियाण्याला चार ग्रॅम गंधक चोळणे. दोन रुपयांचे काम, पण वेळेवर करायचे.

नियमांचेही तसेच आहे. एकवीस वर्षांनी लागलेला निकाल म्हणजे कणसावर मारलेला फवारा. तो नको असे नाही, पण त्याने गेलेला दाणा परत येत नाही. गंधक चोळायची वेळ होती जेव्हा लेखापरीक्षकाने हिशेब तपासला, जेव्हा सभेत ताळेबंद मांडला गेला, जेव्हा दोषदुरुस्तीचा अहवाल यायला हवा होता. त्या दिवशी कुणी उभे राहून विचारले असते की 'रोखे घेतले म्हणता, ते कुठे आहेत, दाखवा', तर काणी तिथेच थांबली असती.

यावर दोन गोष्टी आम्हाला हमखास ऐकवल्या जातात. पहिली, 'शेतकरी तरी कुठे कर्ज फेडतो?' उत्तर साधे आहे. शेतकऱ्याचे कर्ज थकते कारण पीक हातचे जाते किंवा पिकले तर भाव पडतो. तो नियम मोडत नाही, त्याची कुवत संपते. तरीही त्याच्या सात-बाऱ्यावर बोजा चढतो आणि दारावर नोटीस लागते. नियम मोडणाऱ्याच्या सात-बाऱ्यावर बोजा चढलेला कुणी पाहिला आहे काय?

दुसरी गोष्ट जास्त घातक आहे, कारण ती आपलीच माणसे बोलतात. 'खाल्ले असतील, पण आपल्या माणसाची कामे करतात. दवाखान्यात फोन लावतात, पोराला नोकरीला लावतात, रस्ता आणतात.' भावांनो, ज्या बँकेतून हक्काने पीककर्ज मिळायला हवे ती बुडवायची आणि मग दवाखान्यात फोन लावून उपकार करायचे, हा व्यवहार तपासून पाहा. आपल्याच कोठीतली ज्वारी काढून आपल्यालाच पायलीभर भीक घातल्यासारखे आहे. फोन करणारा पुढारी लागतो, कारण नियमाने काम होत नाही. आणि नियमाने काम होत नाही यातच त्याचे पुढारीपण टिकून आहे. नियम चालू लागले तर त्याच्या दारात चपलांचा ढीग कसा पडेल?

आता काय करायचे

जिल्हा बँक कुणाची? पीककर्ज घेताना भागभांडवल म्हणून पैसे कापले जातात, ते आपले. गावची सेवा सहकारी सोसायटी जिल्हा बँकेची सभासद असते आणि तिचा प्रतिनिधी ठरावाने निवडला जातो. याच ठरावावर बँकेची निवडणूक जिंकली जाते. ठराव ज्याच्या नावाचा, त्याला गाडी येते, सहल होते, हॉटेलात मुक्काम होतो. परत येतो तेव्हा गावाची सही देऊन आलेला असतो. म्हणून काम तालुक्यापासून किंवा मंत्रालयापासून सुरू होत नाही, गावच्या सोसायटीपासून सुरू होते.

एक. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते. त्या सभेला जा. नुसती सही करून चहा पिऊन येऊ नका. लेखापरीक्षण अहवाल आणि दोषदुरुस्ती अहवाल वाचून दाखवायला सांगा. कागद पाहण्याचा आणि नकला मागण्याचा हक्क सभासदाला कलम ३२ ने दिलेला आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

दोन. प्रतिनिधीचा ठराव करताना त्यातच लिहा की हा प्रतिनिधी जिल्हा बँकेच्या सभेत तीन प्रश्न विचारील: कलम ८८ च्या किती चौकश्या चालू आहेत, कोणत्या तारखेपासून आणि कुणावर, स्थगिती कुणी दिली आणि का, आजवर किती रुपये वसूल झाले. उत्तरे गावात येऊन सांगील, असेही लिहा. ज्याला हे मान्य नाही त्याच्या नावाचा ठराव करू नका.

तीन. जिल्हा बैठकीत पुढील मागण्या आपण मंजूर करून शासनाकडे पाठवायच्या आहेत. कलम ८८ च्या आदेशावरचे अपील मंत्र्याकडून काढून न्यायिक अधिकाऱ्याकडे द्यावे. चौकशीत आरोप ठेवले गेले की मालमत्ता विकून मोकळे होण्याआधी कलम ९५ खाली तात्पुरती जप्ती करावी, तशी तरतूद कायद्यात आहेच, ती वापरावी. आणि निम्मे पैसे आधी भरण्याची अट एक तर संचालकालाही लावावी, नाही तर शेतकऱ्यावरची उठवावी.

ही काही क्रांती नव्हे. कायद्यात जे लिहिले आहे तेच सगळ्यांना सारखे लावा, एवढेच आम्ही म्हणतो. पण गावोगावच्या सोसायट्यांचे ठराव या तीन प्रश्नांसह एकाच महिन्यात जिल्हा बँकेवर जाऊन पडले, तर काय होते ते यंदा पाहायचे आहे. बैठकीला येताना आपल्या सोसायटीचा मागच्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल सोबत आणा. मिळाला नाही, तर अर्जाची पोच आणा. तीही पुरावाच आहे.